क्विन्स क्रिस्प: आधी फळ शिजवा, गुलाबपाणी शेवटी

केशरकाडी

क्रिस्प म्हणजे खाली शिजलेलं रसदार फळ आणि वर बटर-मैदा-ओट्सचा खरपूस चुरा. सफरचंदाचं करणाऱ्यांना यात नवीन काही नाही. क्विन्सच्या (सफरचंद-पेअरच्या कुळातलं पिवळं, टणक, सुवासिक फळ) बाबतीत मात्र बऱ्याच पाककृती 'सफरचंदाऐवजी क्विन्स घ्या' एवढंच सांगून मोकळ्या होतात आणि तिथेच घोटाळा होतो. कच्चं क्विन्स इतकं निबर आणि तुरट असतं, की वरचा चुरा करपायच्या बेताला आला तरी खालच्या फोडी दाताखाली करकरत राहतात. म्हणून माझा आग्रह दोनच गोष्टींचा आहे. फळ आधी पूर्ण शिजवून घ्यायचं, आणि फुलांचा वास अगदी शेवटी, तोही मोजका. बाकीची प्रमाणं आपापल्या आवडीने इकडची तिकडे करा.

सहा जणांना पुरेल असं, साधारण २३ सेंमी लांबी-रुंदीच्या भांड्यासाठी:

फळासाठी: क्विन्स १ किलो (मध्यम आकाराची चारेक), पाणी १ लिटर, साखर २५० ग्रॅम, एका लिंबाच्या सालीच्या पट्ट्या (पांढरा भाग न घेता) आणि अर्ध्या लिंबाचा रस, तीन-चार वेलदोडे, असली तर व्हॅनिलाची अर्धी शेंग.

वरच्या थरासाठी: मैदा १२० ग्रॅम, रोल्ड ओट्स ८० ग्रॅम, ब्राऊन शुगर ८० ग्रॅम, थंडगार बटर ११० ग्रॅम, जाडसर चिरलेले बदाम ५० ग्रॅम, पाव चमचा मीठ (बटर खारं असेल तर नको).

वासासाठी: दीड छोटा चमचा गुलाबपाणी किंवा एक छोटा चमचा संत्र्याच्या फुलांचं पाणी. दोन्हीपैकी एकच.

सालीवर करडी लव असते ती नळाखाली हाताने चोळली की निघून जाते. मग साल काढून फळाचे चार भाग करायचे. जड सुरी घ्या, फळ ओट्यावर पक्कं ठेवा, घाई करू नका. गाभा कोरून काढताना मधला पांढरट, रवाळ भागही काढून टाका, कारण तो कितीही शिजवला तरी खरखरीत लागतो. सालं, गाभा आणि बिया फेकायच्या नाहीत. मलमलच्या फडक्यात त्यांची पुरचुंडी बांधायची.

साखर, पाणी, लिंबाची साल, रस, वेलदोडे आणि असली तर व्हॅनिलाची शेंग एकत्र उकळवून त्यात फोडी आणि पुरचुंडी सोडा. फोडी वर तरंगतात, म्हणून भांड्याच्या मापाचा बटर पेपर कापून थेट त्यांच्यावर ठेवायचा. आता आच एकदम मंद. पाण्यावर अधूनमधून एखादा बुडबुडा यावा इतपतच, खदखदायला नको. तासाभराने सुरीचं टोक सहज शिरायला लागतं. तेवढ्यावर थांबलात तरी क्रिस्प चांगलं होतं, पण तसंच आणखी तास-दीड तास ठेवलंत तर फोडी आधी जर्दाळूच्या रंगावर जातात आणि मग गुलाबी व्हायला लागतात.

फोडी झाऱ्याने काढून घ्या. पुरचुंडी नीट पिळा, त्यातून दाट बुळबुळीत रस येतो तोच हवा आहे. उरलेलं पाणी मोठ्या आचेवर आटवा. एकतारीच्या अलीकडे थांबायचं, कारण गार होताना ते आणखी घट्ट होतं. गॅस बंद करून पाच मिनिटांनी, वाफ ओसरली की गुलाबपाणी घाला.

वरच्या थरासाठी मैदा, साखर, मीठ एकत्र करून त्यात बटरचे तुकडे बोटांच्या टोकांनी चोळायचे. मळायचं नाही. काही गोळे वाटाण्याएवढे, काही बारीक असा ओबडधोबड चुरा झाला की ओट्स आणि बदाम मिसळा आणि वाडगा वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा.

भांड्यात फोडी पसरून त्यावर चार-पाच मोठे चमचे पाक. सगळा पाक ओतायचा नाही! वरून चुरा भुरभुरवायचा, दाबायचा नाही. १८० अंश सेल्सिअसवर ३५ ते ४० मिनिटं. कडेने पाक बुडबुडायला लागला आणि वर खरपूस रंग आला की बाहेर काढा. पंधरा मिनिटं थांबून वाढा, सोबत उरलेला पाक आणि घट्ट क्रीम किंवा व्हॅनिला आइस्क्रीम.

---

चिमूटभर_मीठ

तोंपासु! फोटो कुठाय?

---

आळशी_सुगरण

पाककृती वाचूनच दमले. 😀 अडीच तास मंद आचेवर म्हणजे अर्धी दुपार गॅससमोर. प्रेशर कुकरला लावून दोन शिट्ट्यांत होणार नाही का?

---

केशरकाडी

@आळशी_सुगरण, समोर उभं कशाला राहायचं? झाकून ठेवून आपली कामं करा. अधूनमधून पाणी बघितलं म्हणजे झालं.

कुकरमध्ये मऊ नक्की होतं आणि चटकन होतं. अडचण अशी की क्विन्सची फोड मऊ आणि लगदा या दोन्हींच्या मधे फार वेळ थांबत नाही, आणि कुकर बंद असताना आत काय चाललंय ते दिसत नाही. जॅम करायचा असेल तर कुकर उत्तम. क्रिस्पमध्ये फोड वेगळी लागली पाहिजे, म्हणून मी साध्या भांड्याच्या बाजूने आहे.

गॅस नकोच असेल तर ओव्हन वापरा. त्याच पाकात फोडी घालून, भांड्याला फॉइल घट्ट लावून १५० अंशांवर अडीच ते तीन तास. आच सगळीकडून सारखी लागते, ढवळावं लागत नाही, फोडी तुटत नाहीत. रंग तर मला ओव्हनमध्येच जास्त चांगला आलेला दिसतो.

---

रसायनाचा_मास्तर

रंगाचा विषय निघालाच आहे तर दोन ओळी. (बरं, दोनपेक्षा जास्त.)

क्विन्सचा तुरटपणा टॅनिनांमुळे येतो. त्यातल्या एका गटाला प्रोअँथोसायनिडिन म्हणतात. हे मोठे, साखळीसारखे जोडलेले रेणू असतात आणि त्यांना स्वतःचा रंग नसतो. आम्ल आणि बराच वेळ मिळालेली उष्णता यांमुळे ही साखळी तुटते आणि सायनिडिनसारखी लाल रंगद्रव्यं तयार होतात. लाल कोबी, चेरी, ब्लॅकबेरी यांच्या लालजांभळ्या रंगामागेही हेच कुटुंब आहे. म्हणजे बाहेरून रंग न घालता फिकट पिवळी फोड गुलाबी होते, त्यात जादू काही नाही. तुरटपणा कमी होणं आणि रंग येणं हे एकाच घडामोडीचे दोन परिणाम आहेत, असं ढोबळमानाने म्हणता येईल.

यातून व्यवहाराच्या तीन गोष्टी निघतात. लिंबू फक्त चवीसाठी नसतं, रंगासाठीही लागतं. वेळेला पर्याय नाही, मोठी आच लावली तर फोड फुटते आणि रंग मागेच राहतो. आणि फळाच्या जातीवर, पिकलेपणावर टॅनिनांचं प्रमाण ठरतं, त्यामुळे सगळं बरोबर करूनही एखाद्या खेपेला फोडी पिवळसर केशरीच राहतात. तेव्हा 'माझं काय चुकलं' म्हणून हळहळायचं कारण नाही.

भांडं स्टीलचं किंवा एनॅमलचं घ्या. साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात आम्ल असलेला पदार्थ दोन तास शिजवू नये.

---

निवांत

मास्तर, मस्त माहिती. फोडी चिरल्या चिरल्या काळ्या पडतात, त्याचं काय? मी प्रत्येक फोड लिंबाच्या पाण्यात टाकत बसतो.

---

रसायनाचा_मास्तर

@निवांत, ते वेगळं प्रकरण. सफरचंद चिरल्यावर होतं तसंच, हवेतला ऑक्सिजन आणि फळातलं एन्झाइम. लिंबाच्या पाण्याने ते मंदावतं. पण फोडी नंतर दोन तास पाकात शिजून रंग बदलणारच असतील, तर थोड्या तपकिरी झाल्या म्हणून बिघडत काहीच नाही. फळं जास्त असतील तर पाणी ठेवा, नाहीतर सरळ पाकात सोडत जा.

---

पारिजात

केशरताई, पुरचुंडीत बिया घालायला सांगितल्यात. क्विन्सच्या बिया विषारी असतात असं वाचलं होतं, म्हणून विचारते. लहान मुलांना द्यायचं आहे.

---

केशरकाडी

@पारिजात, विचारलंत ते बरं झालं, मूळ कृतीतच लिहायला हवं असा मुद्दा आहे. सफरचंदाच्या बियांसारखंच या बियांतही अमिग्डालिन असतं. बी फोडली, कुटली किंवा चावली की त्यातून सायनाइड तयार होऊ शकतं. म्हणून बिया अख्ख्याच ठेवायच्या, फडक्यात बांधायच्या आणि शेवटी पुरचुंडीसकट टाकून द्यायच्या. मिक्सरमध्ये चुकूनही जाऊ द्यायच्या नाहीत. अख्ख्या बिया उकळून गाळून घेण्याची पद्धत जुनी आहे. तुर्की घरांमध्ये क्विन्सचं जे गोड करतात त्यातही बिया पाकाबरोबर उकळतात.

बियांवर एक चिकट आवरण असतं. दोन बिया चमचाभर पाण्यात टाकून ठेवल्या तर थोड्या वेळाने भोवती जेलीसारखा थर दिसायला लागतो. सालीत आणि गाभ्यात पेक्टिन भरपूर असतं. या दोन्हींमुळे पाक आपोआप दाट होतो, कॉर्नफ्लोअर लागत नाही. मुलांसाठी करताना तरीही मनाला पटत नसेल तर बिया वगळून फक्त सालं आणि गाभा बांधा, दाटपणात फार फरक पडणार नाही.

---

ओट्सद्वेष्टा

नावावरून कळलंच असेल. ओट्स ही सकाळी औषधासारखी गिळायची वस्तू आहे, गोडाच्या पदार्थात तिचं काय काम? सगळ्या चुऱ्यात मधेच ती चिवट चकती दाताला लागते. ओट्स काढून टाकले तर प्रमाण काय ठेवायचं?

---

चिमूटभर_मीठ

@ओट्सद्वेष्टा, तुम्ही बहुतेक चुकीचे ओट्स खाल्लेत. इन्स्टंट ओट्सचा बटरमध्ये लगदा होतो. स्टील-कट घातले तर चाळीस मिनिटांत शिजतच नाहीत, खडे लागतात. रोल्ड ओट्स थोड्या बटरवर पाच मिनिटं परतून, गार करून मग चुऱ्यात घालून बघा. खमंग लागतात, चिवट नाही.

---

केशरकाडी

@ओट्सद्वेष्टा, ओट्स वगळून मैदा १५० ग्रॅम आणि बदामाची जाडसर पूड ६० ग्रॅम घ्या, बटर-साखर तेवढंच. मग ते क्रिस्प न राहता क्रम्बल झालं असं कोणी म्हणेल, म्हणू दे. 😀 चवीला अप्रतिम लागतं. क्विन्सबरोबर बदाम जितका जमतो तितका अक्रोड जमत नाही. अक्रोडाच्या सालीला स्वतःची कडवट तुरट चव असते, आणि आपण दोन तास खपून तुरटपणाच घालवलेला असतो. हे माझं मत, अक्रोडवाल्यांनी रागावू नये.

---

अक्रोडवाली

रागावले! भाजून, फडक्यात चोळून सालं काढली की अक्रोड मुळीच कडू लागत नाही.

---

मंद_आच

फुलांच्या वासाबद्दल लिहायचं आहे. मला गुलाबपाणी घातलेलं बेकिंग सहसा आवडत नाही. एका कॅफेत खाल्लेल्या केकने तर सुगंधी साबण तोंडात घेतल्यासारखं झालं होतं. क्विन्सला स्वतःचा इतका सुंदर वास असताना वर गुलाब कशाला? पिकलेली दोन फळं ठेवली तर सगळ्या खोलीभर दरवळ सुटतो. त्यावर दुसरा वास चढवणं म्हणजे मला तरी फळाचा अपमान वाटतो.

---

केशरकाडी

@मंद_आच, तुमचं म्हणणं अर्धं मान्य. साबणाची चव येते ती प्रमाण चुकल्याने. एका किलोला दीड छोटा चमचा म्हणजे 'यात काहीतरी आहे, पण काय ते कळत नाही' इतकंच. खाणाऱ्याने पहिल्या घासाला 'गुलाब!' म्हटलं तर जास्त झालं समजायचं.

दुसरं अर्धं मान्य नाही. कच्च्या फळाचा तो दरवळ दोन तास शिजताना बराचसा वाफेबरोबर निघून जातो. उरते ती मधासारखी, गोडसर, थोडी जड चव. शेवटी घातलेलं गुलाबपाणी निघून गेलेल्या वासाची जागा भरून काढतं. फळाच्या वासावर दुसरा वास चढत नाही, गेलेला परत आल्यासारखा वाटतो. म्हणून तर ते पाक उकळताना नाही, गॅस बंद केल्यावर घालायचं.

---

रसायनाचा_मास्तर

केशरकाडी म्हणतात त्याला आधार आहे. क्विन्स आणि गुलाब एकाच कुळातले, रोझेसी. सफरचंद, पेअर, बदाम, जर्दाळूही त्यातलेच. पण कुळ एक म्हणून वास जुळतो असं नाही, वास जुळतो तो रेणूंमुळे. क्विन्सच्या वासात कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं तुटून तयार होणारे बरेच सुगंधी रेणू असतात. गुलाबाच्या वासाला ज्याच्यामुळे खोली येते ते डमॅसिनोनही त्याच घराण्यातलं. त्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळतात, भांडत नाहीत.

गुलाबपाणी आणि गुलाबाचं तेल यांतही फरक असतो. फुलं पाण्याबरोबर ऊर्ध्वपातन करताना जो भाग पाण्यात चांगला विरघळतो तो गुलाबपाण्यात राहतो. त्यात फेनिलएथिल अल्कोहोल प्रमुख, वास सौम्य आणि मधाळ. तेलात सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल जास्त, वास तीव्र. 'रोझ इसेन्स' म्हणून मिळतो तो या दोन्हींपेक्षा वेगळा आणि फार कडक. पाककृतीत चमचा लिहिलाय म्हणून इसेन्स चमचाभर घातला की @मंद_आच यांचा साबण तयार. तो एक-दोन थेंबांच्या वर नको.

---

मंद_आच

मास्तर, त्या कॅफेने इसेन्सच ओतला असणार आता खात्री पटली. पुढच्या वेळी चमचाभर गुलाबपाण्यापासून सुरुवात करून बघते. अर्धं डिश गुलाबाचं, अर्धं बिनगुलाबाचं. मग इथे येऊन सांगते कोण जिंकलं.

---

निळी_शाई

थोडं अवांतर. क्विन्सचं मूळ कॉकेशस, उत्तर इराण या पट्ट्यातलं मानतात. ग्रीकांत त्याला लग्नसमारंभात मान होता. अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याने नववधूला वराच्या खोलीत जाण्याआधी क्विन्स खायला सांगितलं होतं, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहून ठेवलंय. श्वास सुगंधी व्हावा म्हणून, असा त्याचा अर्थ लावतात. कच्चं खायला लावलं असेल तर बिचारीचं तोंड कसं झालं असेल!

आणि गुलाबपाण्यासाठी वापरतात तो बहुतेक दमास्क गुलाब. बल्गेरियात कझानलिक, तुर्कस्तानात इस्पार्ता, इराणमध्ये काशानजवळचं कमसर ही त्याची नावाजलेली ठिकाणं. फुलं पहाटे खुडतात, ऊन चढलं की वास उडायला लागतो. म्हणजे गुलाबपाणी शेवटी घालायचा केशरकाडी यांचा नियम शेतापासूनच सुरू होतो म्हणा की.

---

चिमूटभर_मीठ

@निळी_शाई, 😂😂

गुलाबाशिवाय आणखी काय चालेल? माझ्याकडे लॅव्हेंडर आहे वाळवलेलं.

---

केशरकाडी

लॅव्हेंडर चालतं, पण हात फार आखडता ठेवायचा. गरम पाकात अर्धा छोटा चमचा वाळलेली फुलं टाकून, पाच मिनिटं झाकून, लगेच गाळून घ्यायची. तशीच राहिली तर पाक कडवट होतो. लॅव्हेंडरच्या काही संकरित जातींत कापराचा वास जास्त असतो. त्या अत्तर-साबणासाठी लावलेल्या असतात, खाण्यासाठी 'अँगस्टिफोलिया' जातीची फुलं बघून घ्या. कुठलंही फूल असो, खाण्यासाठी म्हणून विकलेलंच घ्या. पुष्पगुच्छातल्या फुलांवर काय फवारलेलं असेल याचा भरवसा नाही. गुलाबपाण्याच्या बाटलीवरही खाण्यायोग्य असल्याचं लिहिलेलं असावं, चेहऱ्याला लावायचं असतं ते वेगळं.

संत्र्याच्या फुलांचं पाणी मला क्विन्सबरोबर गुलाबाइतकंच आवडतं. त्याला किंचित कडसर, हिरवट धार असते, त्यामुळे गोडवा अंगावर येत नाही. ते वापरायचं असेल तर पाकात लिंबाऐवजी संत्र्याची साल घाला आणि वेलदोडा काढून टाका. वेलदोडा गुलाबाचा मित्र आहे, याचा नाही. रस मात्र लिंबाचाच ठेवा, संत्र्याचा आंबटपणा कमी पडतो.

मोगऱ्याच्या चहाचा प्रयोगही करण्यासारखा आहे. आटवलेला पाक किंचित निवला की त्यात एक पिशवी तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही, कारण चहालाही स्वतःची टॅनिनं असतातच. वाळलेल्या गुलाबपाकळ्या वरून भुरभुरवायच्या असतील तर ओव्हनमधून काढल्यावर. आत घातल्या तर काळ्या पडतात आणि कागद जळल्यासारख्या लागतात.

---

ताटवाटी

माझा प्रश्न वरच्या थराचा. कुठल्याही फळाचं क्रिस्प करा, काढल्याबरोबर छान असतं आणि पाहुण्यांच्या ताटात जाईपर्यंत मऊ पडतं. यावर काही?

---

केशरकाडी

@ताटवाटी, याचं मुख्य कारण खालचा रस. सफरचंद-बेरी कच्ची घालतो तेव्हा ती ओव्हनमध्ये पाणी सोडतात आणि वाफ वरच्या थरातूनच बाहेर पडते. इथे क्विन्स आधीच शिजलेलं असल्याने नवीन पाणी फारसं सुटत नाही, हा या फळाचा मोठा फायदा. फक्त पाक मोजून घाला. फोडींच्या निम्म्या उंचीपर्यंत पाक दिसला तर जास्त झाला, काढून घ्या.

बटर वितळलेलं किंवा फार मऊ असेल तर चुरा एकसंध पोळीसारखा बसतो, म्हणून फ्रीझर. आणि बाहेर काढल्यावर झाकायचं नाही, अगदी गरम राहावं म्हणूनसुद्धा. झाकणाला लागलेली वाफ परत खालीच गळते.

पाहुणे उशिरा येणार असतील तर सरळ दोन भाग करा. चुरा ट्रेवर पसरून १७० अंशांवर १५ ते १८ मिनिटं, मधे एकदा हलवून, खमंग भाजून डब्यात भरून ठेवा. फळ पाकासकट वेगळं गरम करा आणि वाढताना वर चुरा घाला. दोन्ही एकत्र भाजल्यावर मधे जो चिकट, टॉफीसारखा थर तयार होतो तो यात मिळत नाही. मला स्वतःला तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो, पण कुरकुरीतपणा पूर्ण मिळतो.

---

अक्रोडवाली

तो मधला थर! भांड्याच्या कडेचा तर चमच्याने खरवडून खाण्यासारखा. क्रिस्पमधली सगळी मजा तिथे असते. (आणि हो, अक्रोड घालून केलं तरी असते.)

---

पारिजात

बटरऐवजी तेल चालेल का? घरात एकाला दुधाचे पदार्थ चालत नाहीत.

---

केशरकाडी

खोबरेल तेल, पण गोठलेलं. ११० ग्रॅम बटरच्या जागी ९० ग्रॅम पुरतं, कारण बटरमध्ये थोडं पाणी असतं, यात नसतं. चुरा फारच कोरडा वाटला तर चमचाभर पाणी शिंपडा. वास नसलेलं रिफाइंड घेतलंत तर गुलाब नीट कळेल. पातळ तेलाने गोळे होत नाहीत, नुसती ओली वाळू होते.

---

निवांत

एकच क्विन्स मिळालं आहे. एका फळात काय करणार?

---

केशरकाडी

@निवांत, एक क्विन्स आणि तीन सफरचंदं. किंवा घट्ट पेअर. क्विन्स आधी वर सांगितल्याप्रमाणे शिजवा, पाणी-साखर चौथाई करून. सफरचंद कच्चंच, जरा जाड फोडी करून मिसळा. सफरचंद पाणी सोडणार, म्हणून दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर फोडींना चोळून घ्या आणि पाक दोन चमच्यांवर घालू नका. एका क्विन्सने सगळ्या भांड्याचा वास बदलतो, सफरचंद एकदम भारदस्त वाटायला लागतं. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी खरं तर असंच सुरू करावं. गुलाबपाणी मात्र एक छोटा चमचा पुरे.

फळ निवडताना हिरवटपणा पूर्ण गेलेलं, पिवळं आणि जवळ नेल्यावर वास येणारं घ्या. दाबून बघू नका, पिकलं तरी ते टणकच राहतं आणि दाबलेल्या जागी तपकिरी डाग पडतो. हिरवट असेल तर बाहेरच ठेवा, हळूहळू पिवळं होतं. सफरचंद-पेअरच्या शेजारी ठेवू नका. क्विन्सचा वास त्यांना लागतो.

---

आळशी_सुगरण

केलं! ओव्हनवाल्या पद्धतीने, फॉइल लावून, तीन तास. मधे एक झोप काढली. 😀 फॉइल उघडली तेव्हा कडेच्या फोडी डाळिंबी आणि मधल्या फिकट गुलाबी, एकाच भांड्यात चार-पाच छटा. पुरचुंडी पिळताना जो लाळेसारखा रस निघाला तो बघून जरा कसंतरीच झालं, पण पाक नुसता आटवल्यावर जेलीसारखा थरथरायला लागला. गुलाबपाणी घातलं. सासूबाईंना फूल ओळखता आलं नाही, त्या म्हणाल्या 'मध घातलाय का?'

उरलेला पाक दुसऱ्या दिवशी टोस्टवर संपला. उरलेलं क्रिस्प गरम करायला मायक्रोवेव्ह की ओव्हन?

---

केशरकाडी

@आळशी_सुगरण, वा! सासूबाईंना ओळखता आलं नाही म्हणजे प्रमाण अगदी बरोबर पडलं.

ओव्हनच. १६० अंशांवर पंधरा मिनिटं, उघडं. मायक्रोवेव्हमध्ये वरचा थर मऊ पडतो. पुढच्या वेळी फळं जास्त मिळाली तर एकदमच शिजवून ठेवा. पाकात बुडवून, काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये आठवडाभर राहतात, फ्रीझरमध्ये काही महिने. चुराही कच्चाच पिशवीत भरून फ्रीझरमध्ये राहतो आणि न वितळवता थेट फळांवर घालता येतो. फक्त गुलाबपाणी साठवणीच्या पाकात घालू नका, ज्या दिवशी करायचं त्या दिवशीच.

---

मंद_आच

सांगायला आले. अर्धं-अर्धं केलं. घरात मतं दोन विरुद्ध दोन. माझं मत बिनगुलाबाच्या बाजूनेच पडलं, पण संपलं आधी गुलाबाचं.

---

चिमूटभर_मीठ

अजून फोटो आला नाहीच. @आळशी_सुगरण, त्या डाळिंबी फोडींचा तरी टाका!

---

आळशी_सुगरण

संपल्यावर आठवण झाली. 🙈 रिकाम्या भांड्याचा आहे, चालेल?